कावीळ उतरली, पण विषाणू गेला का?

वाचकांच्या पत्रांत एक प्रश्न वेगवेगळ्या निमित्तांनी सतत येतो. कुणी गणेशोत्सवातल्या शिबिरात रक्तदान केलेले असते आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणे येते. कुणाच्या सुनेची गरोदरपणातली तपासणी झालेली असते. रत्नागिरीकडचा एखादा तरुण आखाती देशात नोकरीला निघालेला असतो आणि मेडिकलमध्ये अडकतो. कागदावर एकच ओळ असते : ‘एचबीएसएजी रिअ‍ॅक्टिव्ह’, म्हणजे रक्तात हिपॅटायटिस बी विषाणूची खूण सापडली. आणि पत्रातला प्रश्नही ठरलेला : ‘डॉक्टर, मला भूक लागते, झोप लागते, कावीळ तर कधी झालीच नाही. मग औषध कशाला आणि तपासण्या कशाला?’

या प्रश्नाला आज सविस्तर उत्तर देतो, कारण त्यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. हा विषाणू पुढे यकृताच्या कर्करोगापर्यंत नेऊ शकतो. पण तो कर्करोग बहुधा अचानक येत नाही. येण्याआधी तो वीस-तीस वर्षे सवड देतो. ती सवड आपण वापरतो की वाया घालवतो, एवढाच काय तो प्रश्न असतो.

सगळ्या काविळी सारख्या नसतात

हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू दूषित पाण्यातून व अन्नातून येतात. पावसाळ्यात गावात साथ येते ती बहुतेक वेळा यांचीच. डोळे पिवळे होतात, जेवणाचा वास नकोसा होतो आणि काही आठवड्यांत बहुतेक रुग्ण आपोआप बरे होतात. आपल्याकडे काविळीची माळ घालतात, चुन्याच्या पाण्याने हात धुऊन निघालेले पिवळे पाणी दाखवतात आणि कावीळ ‘उतरवतात’. ती उतरतेही, कारण ती तशीही उतरणारच होती. गरोदर स्त्रीला मात्र ई प्रकारची कावीळ जिवावर बेतू शकते. तिला माळेच्या भरवशावर घरी ठेवू नका, थेट रुग्णालयात न्या.

बी आणि सी या विषाणूंची चाल वेगळी आहे. ते रक्तातून पसरतात : आईकडून बाळाला, नीट न तपासलेल्या रक्तातून, पुन्हा वापरलेल्या सुईतून, दुसऱ्याच्या दाढीच्या पात्यातून, गोंदणाच्या सुईतून. बी विषाणू शरीरसंबंधांतूनही सहज पसरतो. 2009 साली गुजरातमधल्या मोडासा परिसरात हिपॅटायटिस बीची मोठी साथ आली आणि अनेकांचे प्राण गेले. तपासात बोट गेले ते पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंजांकडे.

बी विषाणूच्या बाबतीत लागण कोणत्या वयात झाली याला फार महत्त्व आहे. मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक जणांचे शरीर विषाणूला हुसकावून लावते. जन्मताना आईकडून लागण झालेल्या बाळांपैकी मात्र सुमारे नव्वद टक्के बाळांच्या शरीरात तो कायमचा मुक्काम ठोकतो. बाळाला ना ताप येतो ना कावीळ होते. ते मूल शाळेत जाते, नोकरीला लागते, संसार करते आणि चाळिशीच्या पुढे कधीतरी पोट फुगले म्हणून डॉक्टरकडे येते.

तैवानने जगाला काय दाखवले

विषाणूमुळे कर्करोग होतो हे आज आपण सहज बोलतो, पण ते सिद्ध करायला फार चिकाटी लागली. बारूक ब्लुमबर्ग यांनी 1960च्या दशकात बी विषाणूची खूण रक्तात शोधली आणि 1976 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर पामर बीस्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तैवानमधल्या 22,707 पुरुष सरकारी कर्मचाऱ्यांची रक्ततपासणी करून त्यांच्या प्रकृतीवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. 1981 साली निष्कर्ष छापून आले, तोवर त्यांच्यापैकी 41 जणांना यकृताचा कर्करोग झाला होता. त्या 41 पैकी 40 जणांच्या रक्तात आधीपासून बी विषाणू होता. विषाणू असलेल्यांना हा कर्करोग होण्याचा धोका नसलेल्यांच्या तुलनेत दोनशे पटींहून जास्त भरला. वैद्यकशास्त्रात इतका ढळढळीत संबंध क्वचितच दिसतो.

पुढे त्याच देशातल्या चेन चिएन-जेन यांच्या गटाने साडेतीन हजारांवर बाधित लोकांचा अभ्यास केला. 2006 साली त्यांनी दाखवून दिले की रक्तात विषाणूचे प्रमाण, म्हणजे ‘व्हायरल लोड’, जितके जास्त तितका पुढे कर्करोगाचा धोका जास्त. यकृताचे एन्झाइम नॉर्मल असलेल्यांतही हे खरे ठरले. ‘माझे एसजीपीटी नॉर्मल आहे’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

तैवानने यावर कृतीही केली. जुलै 1984 मध्ये तिथे नवजात बाळांना बी विषाणूची लस द्यायला सुरुवात झाली, आधी बाधित मातांच्या बाळांना आणि पुढे सर्वांना. दशकभरात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांमधले यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण लाखात 0.70 वरून 0.36 वर आले. लसीने कर्करोग टळतो याचा जगाला मिळालेला हा पहिला ठोस पुरावा.

यकृतात नेमके काय घडते

बी विषाणू यकृताच्या पेशीत शिरला की तिच्या केंद्रकात आपल्या जनुकांची एक टिकाऊ प्रत ठेवतो. शिवाय त्याचे काही तुकडे आपल्या डीएनएतच जाऊन बसतात. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर कुणी आपले नाव चढवून घ्यावे, तसे हे आहे. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर या गोळ्या विषाणूची वाढ रोखतात, पण ही नोंद खोडू शकत नाहीत. म्हणूनच बी विषाणूचे औषध बहुधा दीर्घकाळ घ्यावे लागते आणि सिरॉसिस (यकृत जखमांनी कडक होणे) नसतानाही क्वचित कर्करोग होऊ शकतो.

सी विषाणू डीएनएत शिरत नाही. तो यकृताला वर्षानुवर्षे धुमसत ठेवतो. पेशी मरतात, नव्या तयार होतात आणि जखमेच्या जागी कडक तंतू साचतात. काही जणांत याचे पर्यवसान सिरॉसिसमध्ये होते. सिरॉसिस झालेल्या दर शंभर बाधितांपैकी साधारण दोन ते पाच जणांना दरवर्षी कर्करोग होऊ शकतो. त्यात दारू, मधुमेह आणि स्थूलता यांची भर पडली की धोका वाढत जातो. ओलसर जागी साठवून बुरशी आलेल्या शेंगदाण्यांत व मक्यात अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. बी विषाणू आणि हे विष एकत्र आले की धोका अनेक पटींनी वाढतो. काळवंडलेले, कडवट दाणे चटणीत किंवा कुटात ढकलू नका, टाकून द्या.

उपचार आहेत आणि ते फुकट मिळतात

सी विषाणूचा शोध 1989 साली लागला आणि 2020 चे नोबेल त्याच संशोधनाला मिळाले. आज बहुतेक रुग्णांना बारा आठवडे गोळ्या घेऊन हा आजार पूर्ण बरा करता येतो. शंभरातले पंच्याण्णवांहून अधिक जण बरे होतात. सी विषाणूवर लस मात्र अजून नाही.

बी विषाणूच्या औषधाने कर्करोगाचा धोका कमी होतो हे 2004 साली आशियातल्या 651 रुग्णांच्या चाचणीत दिसले. यकृत आधीच बरेच कडक झालेल्या या रुग्णांपैकी औषध घेणाऱ्यांत कर्करोगाचे प्रमाण 3.9 टक्के होते, तर नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत 7.4 टक्के. आजची औषधे त्याहून प्रभावी आहेत. प्रत्येक बाधिताला लगेच औषध लागतेच असे नाही. व्हायरल लोड, एसजीपीटी हे यकृताचे एन्झाइम आणि यकृताचा कडकपणा मोजणारा फायब्रोस्कॅन पाहून ते ठरवतात. पण सुरू केलेली गोळी बरे वाटते म्हणून मनाने बंद करू नका. विषाणू उसळी मारतो आणि यकृत निकामी होऊ शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये भारतात बी विषाणूचे सुमारे 2 कोटी 98 लाख आणि सी विषाणूचे 55 लाख बाधित होते. त्यांच्यातल्या बहुतेकांना याची कल्पनाच नाही. यासाठीच 28 जुलै 2018 रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. आपल्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर

1. दर सहा महिन्यांनी यकृताची सोनोग्राफी करा, सोबत एएफपी ही रक्ततपासणी. सिरॉसिस असलेल्या प्रत्येकाने, घरात कुणाला यकृताचा कर्करोग झाला असेल त्यांनी, तसेच बी विषाणू असलेल्या चाळिशीपुढच्या पुरुषांनी व पन्नाशीपुढच्या स्त्रियांनी हा नेम चुकवू नये. शांघायमध्ये सुमारे 19,000 लोकांवर झालेल्या चाचणीत या सहामाही तपासणीने यकृताच्या कर्करोगाचे मृत्यू 37 टक्क्यांनी घटले. दोन सेंटिमीटरची गाठ काढता येते, जाळता येते. दहा सेंटिमीटरच्या गाठीपुढे आमचे हात तोकडे पडतात.

2. सी विषाणू बरा झाला, पण सिरॉसिस आधीच झालेला असेल, तर सोनोग्राफी पुढेही चालू ठेवा.

3. जोडीदार, मुले, आई आणि भावंडे यांची तपासणी करून घ्या. ज्यांना बी विषाणूची लागण नाही त्यांना लस द्या.

4. गरोदर स्त्रीने तपासणी टाळू नये. आई बाधित असेल तर बाळाला जन्मल्यापासून 24 तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन द्यावे, तेही जितके लवकर तितके चांगले. आईने बाळाला अंगावर जरूर पाजावे.

5. स्टेरॉइड किंवा केमोथेरपी सुरू होणार असेल तर डॉक्टरांना हा रिपोर्ट आधी दाखवा. दबलेला विषाणू त्या औषधांनी पुन्हा जागा होतो.

6. दारू पूर्ण बंद. दाढीचे पाते, टूथब्रश आणि नेलकटर स्वतःचे वेगळे ठेवा.

घरच्यांनाही एक कळकळीचे सांगणे आहे. हा आजार एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, पोराला मांडीवर घेतल्याने पसरत नाही. ज्या घरात सुनेचे ताट-पेला वेगळा निघतो, त्या घरात पुढच्या वेळी कुणी तपासणीला तयार होत नाही. आजार लपतो आणि लपलेला आजारच पुढे जीव घेतो. बाधित व्यक्ती लग्न करू शकते, मात्र जोडीदाराला आधी सांगावे आणि लस पूर्ण करावी.

प्रत्येक प्रौढ वाचकाला माझी एकच विनंती आहे. आयुष्यात एकदा तरी एचबीएसएजी (बी विषाणूसाठी) आणि अँटी-एचसीव्ही (सी विषाणूसाठी) या दोन तपासण्या करून घ्या. या शतकाच्या सुरुवातीच्या आधी ज्यांना रक्त चढवले होते, ज्यांचे डायलिसिस चालू आहे किंवा ज्यांच्या घरात कुणी यकृताच्या आजाराने गेले आहे, त्यांनी तर याच आठवड्यात कराव्यात. निगेटिव्ह आलात तर बी विषाणूची लस घ्या, पॉझिटिव्ह आलात तर घाबरून घरी बसू नका. वेळेवर कळलेल्या या आजारावर आज आमच्याकडे औषध आहे.