कपाशीचे संशोधन आणि विचार करणारे यंत्र

जगातील पहिली संकरित कपाशी व्यापारी लागवडीसाठी आली ती आपल्या सुरतेहून. येथील कापूस संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल ह्यांनी ‘गुजरात ६७’ आणि ‘अमेरिकन नेक्टरिलेस’ ह्यांचा संकर करून ‘संकर ४’ हे वाण तयार केले. ते १९७० साली शेतकऱ्यांच्या हाती पडले. असा संकर करायचा तर संध्याकाळी कळीतले पुंकेसर हाताने काढायचे, सकाळी दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा, बोंड फुटेपर्यंत थांबायचे. मग ती सरकी पेरायला पुढचा हंगाम. जोडी जमली नाही, तर वर्ष गेले!

आता कृत्रिम बुद्धिमत्तेने संशोधन झपाट्याने होईल, असे आपण ऐकतो. मग हे यंत्र करते तरी काय?

गुलाबी बोंडअळीचेच उदाहरण घेऊ. २००२ साली भारतात बीटी कपाशी आली. तिच्यातील विष हे एक प्रथिन आहे. अळीच्या आतड्यात ते ठरावीक जागी चिकटते, कुलपात किल्ली बसावी तसे. पण अळीने कुलूपच बदलले. २०१० साली गुजरातच्या काही जिल्ह्यांत ही अळी त्या कपाशीला दाद देत नाही असे जाहीर झाले, आणि पुढे दोन जनुकांच्या कपाशीतही ती शिरली. किती घरांची त्यात धूळधाण झाली, हे आम्ही सांगायला नको.

नवी किल्ली करायची तर कुलपाचा आकार कळला पाहिजे. एका प्रथिनाचा आकार शोधण्यात पूर्वी महिने, कधी वर्षे जात. ‘अल्फाफोल्ड’ ह्या यंत्रबुद्धीने २०२२ पर्यंत वीस कोटींहून अधिक प्रथिनांच्या आकारांचे अंदाज मांडले. ते करणाऱ्या डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर ह्यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. अंदाजच ते, पण हजार किल्ल्यांतून आधी कोणत्या दहा लावून पाहाव्यात एवढे कळले, तरी शास्त्रज्ञाचे आयुष्य वाचते.

औषधांतही तेच. २०२० साली अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी यंत्राला सुमारे सहा हजार रसायने चाळायला दिली. मधुमेहासाठी तपासून बाजूला ठेवलेले एक रसायन त्याने जंतुनाशक म्हणून निवडले, आणि उंदरांवर ते लागू पडले. त्याला ‘हॅलिसिन’ नाव मिळाले. माणसांसाठी मात्र ते अजून औषध झालेले नाही. माणसावरच्या चाचण्या घाईने उरकता येत नाहीत, आणि कपाशी काही संगणकात पिकत नाही. चाळणी यंत्राची, पण पीक पारखायला पाऊस, माती आणि हंगामच लागतात.

म्हणून दुकानदार ‘हे यंत्राने शोधलेले औषध’ म्हणून बाटली पुढे करील, तेव्हा एवढेच विचारा: कोणत्या विद्यापीठाने, किती हंगाम, कोणत्या जमिनीत तपासले? उत्तर नसेल तर कर्ज काढून ती घेऊ नका.

तूर्त बोंडअळीसाठी कपाशीत कामगंध सापळे लावावेत. एका सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ किंवा अधिक पतंग आढळले, तर कृषी अधिकाऱ्यांना विचारून फवारणी करावी. सापळ्याचा फोटो पाहून पतंग मोजणारे मोबाईल ॲप मुंबईच्या वाधवानी संस्थेने तयार केले आहे. पण सकाळी शेतात जाऊन सापळा उघडायचा आहे तो आपणच.