याचा डाव काय?

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमचा कॉलेजचा कंपू शहादा, तळोदा, नवापूर, धडगाव असा आपापल्या घरी जाऊन पडला आणि रात्री ‘अमंग अस’ खेळायला लागला. त्यात अवकाशयानावर सगळे कामं करतात, त्यांच्यातच लपलेला इम्पोस्टर एकेकाला गाठून मारतो, आणि उरलेले चर्चा करून संशयिताला मतं देऊन बाहेर फेकतात. मला खेळण्यापेक्षा नियम सुधारण्यातच जास्त गोडी. त्यातून हाती लागलेलं थोडंफार.

१. संशयाच्या खेळात सूचना कोणी सूचना म्हणून ऐकतच नाही. बाहेर फेकलेला इम्पोस्टर होता की नाही, हे खेळ लगेच सांगतो. ते लपवलं तर रंगत वाढेल, असं मी म्हणालो. रंगतीबद्दल चकार शब्द नाही. सगळ्यांचा एकच प्रश्न, ‘याचा डाव काय?’ मी दोन दिवस फुगून बसलो. पण १९८६ च्या सुमारास मॉस्को विद्यापीठात दिमित्री दाविदोव्हने याच जातीचा ‘माफिया’ हा खेळ रचला तो याच पायावर: थोड्यांना सगळं ठाऊक, बाकीचे अंधारात. रात्रभर ज्यांनी एकमेकांच्या थापा पकडल्या, ती माणसं नियमांची गोष्ट निघाली की एकदम भोळी कशी होतील?

२. नियम हरलेल्यालाच सुचतो. जिंकणाऱ्याला सगळं कसं न्यायाचं वाटतं! म्हणून कुरकुर्‍याचं ऐकावं. फक्त त्याच रात्री ऐकू नये.

३. दयेपोटी केलेला नियम सगळ्यात आधी वापरला जातो. धडगावच्या मित्राचं नेट सातपुड्याच्या मर्जीवर. तो मध्येच गोठायचा, आणि नुसता उभा दिसतो म्हणून आम्ही त्याला बाहेर फेकायचो. बिचारा! मग ठराव झाला: नेट गेलेल्यावर त्या फेरीत मत टाकायचं नाही. आठवड्याभरात शहाद्याचं नेट जायला लागलं. मग तळोद्याचं. खून झाला रे झाला की तिकडून आवाज, ‘नेट गेलं ना भो!’ गंमत म्हणजे धडगाववाल्यानेच हा नियम काढून टाकायला लावला. त्याला दया नको होती, संशयात बरोबरीचा वाटा हवा होता. हे माझ्या डोक्यात कधी आलंच नसतं.

४. मेलेल्यांना गप्प करणं कठीण. खेळात मेलेल्याचं लिहिलेलं जिवंतांना दिसत नाही, पण आम्ही बोलायचो व्हॉट्सॲप कॉलवर, तिथे ‘अरे देवा!’ सगळ्यांना ऐकू जायचं. आमच्यातल्या सगळ्यात हुशार मुलीने तोडगा काढला: मेलेल्याने कॉल सोडायचा. पहिल्याच डावात एकाचं नाव कॉलवरून गेलं आणि प्रेत सापडायच्या आधीच सुतक सुरू. शेवटी चर्चेपर्यंत सगळ्यांनीच माईक बंद ठेवायचे, असं ठरलं. तरी नवापूरचे दोघे सख्खे भाऊ एकाच खोलीत बसायचे, त्यांच्यावर कुठला नियम चालणार?

५. बहुमत वगैरे ठीक आहे. सेटिंग होस्टच्या हातात असतं. होस्ट ‘बघू’ म्हणाला की विषय संपला. ग्रामसभेत बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

६. मागणी मान्य होते, तेव्हा मागणारे पांगलेले असतात. खेळात दहाच जण मावायचे; ही मर्यादा वाढवा, असं मी सुरुवातीपासून म्हणत होतो (साक्षीदार मिळत नाहीत). जून २०२१ मध्ये खेळ बनवणाऱ्या इनरस्लॉथ कंपनीने ती पंधरावर नेली. तोवर कोणी पुण्याला, कोणी सुरतेला कामाला लागलेलं. हल्ली दिवाळीत कसेबसे चौघे जमतो, आणि चौघांत दोन खून झाले की खेळ खलास. त्यावर माझ्याकडे एक सूचना आहे. अजून कोणी ऐकून घेतलेली नाही.