लांबच्या वाटेची सायकल

इ. स. १८९१ च्या सप्टेंबर महिन्याची ६ तारीख. पॅरिस शहरात पहाटेपासूनच लोकांची गर्दी लोटली होती. 'ल पती जूर्नाल' या वृत्तपत्राचे संपादक पिएर जिफार यांनी एक विलक्षण शर्यत जाहीर केली होती. पॅरिसहून निघावयाचे, फ्रान्सच्या पश्चिम टोकावरील ब्रेस्ट या बंदराला शिवावयाचे आणि पुन्हा पॅरिस गाठावयाचे. सारे अंतर सुमारे १,२०० किलोमीटर. म्हणजे मुंबईहून नागपूरला जाऊन तेथून निम्म्या वाटेपर्यंत परत येण्याइतके! आणि हे सर्व सायकलवर. त्या काळी सायकल म्हणजे श्रीमंतांच्या फावल्या वेळेचे खेळणे, अशीच बहुतेकांची समजूत होती. ते यंत्र माणसाला खरोखर दूर नेऊ शकते, हे जिफार यांना दाखवून द्यावयाचे होते.

शर्यतीचा एक नियम कडक होता. ज्या सायकलवर बसून स्पर्धक निघेल, त्याच सायकलवर त्याने परत आले पाहिजे. वाटेत सायकल बदलता यावयाची नाही. खाणेपिणे व कपडेही ज्याचे त्याने बरोबर बाळगावयाचे. त्यामुळे शर्यत सुरू होण्यापूर्वीच प्रत्येकापुढे एक मोठा प्रश्न उभा होता : आपल्या सायकलला कोणता भाग बसवावा, की जो पहिल्या तासाइतकाच साठाव्या तासालाही साथ देईल?

त्या दिवशी २०७ स्पर्धक निघाले. पुष्कळांच्या सायकलींना भरीव रबराच्या धावा होत्या. भरीव रबराला पंक्चर होण्याचे भय नाही. परंतु रस्त्यावरचा प्रत्येक दगड, प्रत्येक खाचखळगा त्यातून थेट स्वाराच्या हाडांपर्यंत पोचतो. काही मोजक्या स्पर्धकांनी मात्र हवा भरलेले टायर बसवून घेतले होते. हे टायर तेव्हा अगदी नवे होते. जॉन बॉइड डनलॉप या गृहस्थांनी १८८८ साली त्यांचे पेटंट घेतले होते. डनलॉप हे मूळचे स्कॉटलंडचे, पण बेलफास्ट येथे गुरांचे डॉक्टर म्हणून काम करीत. त्यांच्या लहान मुलाची तीनचाकी सायकल दगडी फरसबंदीवर फार दणके देई, म्हणून त्यांनी तिच्या चाकांना रबराची हवेने फुगवलेली नळी बसवली, आणि त्या घरगुती खटपटीतून एक मोठा शोध जगापुढे आला.

डनलॉपच्या टायरमध्ये एक मोठी अडचण होती. तो चाकाला चिकटवलेला असे. पंक्चर झाले, की तो सोलून काढावा लागे, आणि पुन्हा चिकटवल्यावर डिंक वाळेपर्यंत थांबावे लागे. फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ या गावी मिशेलिन बंधूंचा रबराचा कारखाना होता. तेथे १८८९ साली एक सायकलस्वार असाच फुटका टायर घेऊन आला. दुरुस्तीला काही तास लागले, वर डिंक वाळण्यासाठी रात्र गेली. आणि दुसऱ्या दिवशी एदुआर मिशेलिन यांनी ती सायकल चालवून पाहिली, तर थोड्याच अंतरावर टायर पुन्हा बसला! परंतु तेवढ्या प्रवासातही हवेच्या टायरचे सुख त्यांच्या ध्यानात आले. उणे होते ते एवढेच, की तो रस्त्यावर, स्वाराच्या स्वतःच्या हातांनी दुरुस्त झाला पाहिजे. १८९१ साली त्यांनी चाकावरून काढता-घालता येणारा टायर तयार केला, आणि शार्ल तेराँ या नामांकित स्वाराने ब्रेस्टच्या शर्यतीसाठी तोच निवडला. त्याचा प्रतिस्पर्धी जिएल-लावाल हा डनलॉपच्या टायरवर बसला होता.

पुढे काय झाले ते नीट पाहण्यासारखे आहे. पंक्चर दोघांनाही झाले, आणि त्यात तासाच्या हिशेबाने वेळ मोडला. तरीही भरीव रबरवाल्यांना या दोघांनी मागे टाकले, कारण त्यांची शरीरे कमी ठेचकाळली होती. तिसऱ्या रात्री जिएल-लावाल थोडा वेळ झोपला. तेराँ झोपला नाही, आणि अंधारात त्याला मागे टाकून पुढे निघून गेला. ७१ तास २२ मिनिटांनी तो पॅरिसला पोचला. तेराँचा जय केवळ टायरमुळे झाला असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. न झोपण्याची त्याची जिद्दही त्यात होती. आता गणित करावे. १,२०० किलोमीटरांना ७१ तासांनी भागले, तर ताशी वेग येतो सुमारे १७ किलोमीटर. बाजाराला निघालेला शेतकरीही चांगल्या रस्त्यावर सायकलने जवळजवळ एवढ्याच वेगाने जातो! त्या शर्यतीत पोचलेल्यांची संख्या शंभराच्या आत होती. जे राहिले, त्यांतील बरेचसे हळू चालत होते म्हणून राहिले नाहीत; त्यांचे शरीर किंवा त्यांची सायकल वाटेत थकली.

टायरचा प्रश्न असा सुटला. चढाचा मात्र अद्याप बाकी होता. तेव्हाच्या सायकलला एकच दातेरी चक्र असे. सपाटीवर ते ठीक. पण डोंगर लागला की पाय भरून येत. सेंत-एत्येन या गावी पॉल द व्हिव्ही नावाचे एक गृहस्थ सायकलींचे दुकान व एक सायकलविषयक मासिक चालवीत. 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने ते लिहीत. स्वतः डोंगरांत हिंडून त्यांनी आग्रहाने सांगितले, की चढावर लहान आणि सपाटीवर मोठा, असे एकाहून अधिक गीअर सायकलला असले पाहिजेत. १९०२ साली फ्रान्सच्या टूरिंग क्लबने डोंगराळ मार्गावर एक कसोटी घेतली. तीत मार्त एस ही स्त्री तीन गीअरांच्या सायकलवर होती, आणि एका गीअरच्या सायकलवर बसलेल्या एका नावाजलेल्या पुरुष स्वाराला तिने मागे टाकले. एवढे होऊनही जुने मत सहजासहजी बदलले नाही. गीअर हे वृद्धांसाठी आहेत, खऱ्या वीराने एकाच चक्रावर डोंगर चढावा, असे 'टूर द फ्रान्स' या प्रसिद्ध शर्यतीचे चालक आंरी देग्रांज यांचे मत होते. त्यामुळे त्या शर्यतीतील स्वार डोंगराच्या पायथ्याशी उतरत, मागचे चाक काढीत, ते उलटे करून दुसऱ्या बाजूचे मोठे चक्र साखळीत बसवीत आणि मग चढू लागत. शिखरावर पोचले, की पुन्हा तीच खटपट! साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे साधन या शर्यतीत सर्वांना वापरू देण्यास १९३७ साल उजाडावे लागले.

पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही शर्यत सुरुवातीला साधारणतः दर दहा वर्षांनी भरे. आता ती शर्यत राहिलेली नाही. दर चार वर्षांनी भरणारी ती एक सहनशक्तीची यात्रा झाली आहे. जास्तीत जास्त ९० तासांत अंतर पुरे करावयाचे, ठरलेल्या ठिकाणी नोंद करावयाची; पहिल्या-दुसऱ्याचे कौतुक नाही. २०२३ साली झालेल्या यात्रेत भारतातील स्वारही होते. आपल्याकडे अशा लांबच्या फेऱ्यांना 'ब्रेव्हे' म्हणतात. २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटर अशी त्यांची चढती भाजणी असते. महाराष्ट्रात पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा शहरांतून स्त्री-पुरुष या फेऱ्यांना निघतात.

यांपैकी एखाद्या स्वाराची कल्पना करू. त्याने ३०० किलोमीटरांची फेरी पुरी केली आहे. पाठ दुखली, हाताची बोटे बधिर झाली, शेवटचा घाट त्याने सायकल ढकलीत चढला. पुढे ६०० किलोमीटर आहेत. जवळ थोडे पैसे साठले आहेत, आणि सायकल सुधारावी म्हणून तो दुकानात उभा आहे. दुकानदार त्याला कार्बनची चाके दाखवतो : हलकी, काळी, तुळतुळीत. सायकलचे वजन एक किलोने कमी होईल, असे सांगतो. घ्यावीत का?

पुन्हा गणितच करावे. स्वार ६५ किलोचा, सायकल १० किलोची, पाणी व सामान ३ किलोचे. एकूण ७८ किलो. त्यातून एक किलो कमी झाला, तर तासाभराच्या चढावर सुमारे पाऊण मिनिट वाचेल. सपाटीवर तर तेवढाही लाभ नाही, कारण तेथे मुख्य विरोध वजनाचा नसतो, हवेचा असतो. आणि हवा अडवते ते मुख्यतः स्वाराचे अंग. एक पंक्चर काढावयास मात्र दहा-पंधरा मिनिटे सहज लागतात, आणि दुखऱ्या पाठीमुळे झाडाखाली आडवे व्हावे लागले तर अर्धा तास कोठेच गेला. हलक्या सायकलचा मोह स्वाभाविक आहे. एका बोटाने उचललेली सायकल दुकानात फार सुंदर दिसते. पण त्या स्वाराला वजनाने छळले नव्हते.

त्याला छळले ते बैठकीने. पायटा एकदा फिरला, की सायकल सरासरी पाच मीटर पुढे जाते असे धरले, तर १,२०० किलोमीटरांत तो २ लक्ष ४० हजार वेळा फिरतो. बैठक बोटभर खाली असली, तर गुडघा तितक्याच वेळा नको तेवढा वाकतो. यासाठी पैसे लागत नाहीत, एक पाना पुरतो. भिंतीला धरून सायकलवर बसावे, टाच पायट्यावर ठेवावी. पायटा सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हावा, पण त्यासाठी कंबर एका बाजूला झुकू नये, इतकी बैठक उंच ठेवावी. हँडल फार दूर असेल, तर शरीराचा भार तळहातावर येतो आणि करंगळीच्या बाजूची नस दबून बोटे बधिर होतात. तेव्हा हँडल थोडे जवळ व थोडे वर घ्यावे. जाड मऊ बैठक सुखाची वाटते, ती तासभरच. मग हाडे तिच्यात रुततात आणि आजूबाजूचे कोवळे मांस दबते. बसण्याच्या हाडांना आधार देईल इतकी रुंद व बेताची कठीण बैठकच लांबच्या वाटेवर चालते. आणि नवी बैठक पहिल्यांदा ६०० किलोमीटरांच्या फेरीला कधीही नेऊ नये. आधी तिच्यावर पन्नास-शंभर किलोमीटर फिरून पाहावे.

त्यानंतर टायर. अरुंद टायर दगडासारखा घट्ट फुगवला, की सायकल वेगाने पळते, अशी पुष्कळ वर्षे समजूत होती. २३ मिलीमीटर रुंदीच्या टायरात शंभराहून अधिक पौंड हवा भरीत. अलीकडच्या चाचण्यांनी ही समजूत मोडली. आरशासारख्या गुळगुळीत जमिनीवर घट्ट टायर ठीक असतो. पण खडबडीत रस्त्यावर तो प्रत्येक खडीवर सायकल व स्वार दोघांना वर उचलतो, आणि वर उचलण्यात गेलेले बळ पुढे जाण्याच्या कामी येत नाही. रुंद टायर कमी हवेवर चालतो, खडा स्वतःत सामावून घेतो आणि सरळ पुढे जातो. म्हणून आता शर्यतीतील स्वारही २८ मिलीमीटर किंवा त्याहून रुंद टायर वापरू लागले आहेत. कार्बनच्या चाकांच्या किमतीच्या मानाने टायरांची जोडी फारच स्वस्त पडते. फक्त विकत घेण्यापूर्वी चिमटा व टायर यांमध्ये किती जागा आहे, ते मोजून घ्यावे. जुन्या सायकलींत रुंद टायर ब्रेकला घासतो.

घाटासाठी मागचे चक्र बदलावे. समजा, वाईहून पाचगणीकडे जाणारा पसरणी घाट तो स्वार ताशी ८ किलोमीटर वेगाने चढतो आहे. पुढे ३९ व मागे २५ दाते असतील, तर पायट्याच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे सव्वातीन मीटर जाते, आणि मिनिटाला जेमतेम ४१ फेरे पडतात. प्रत्येक फेऱ्यात गुडघ्यावर सारा जोर येतो. पुढे ३४ व मागेही ३४ दाते केले, तर एका फेऱ्यात चाकाच्या एका घेराइतके, म्हणजे सुमारे २.१ मीटर अंतर कापले जाते. वेग तोच राहतो, परंतु फेरे ६३ होतात आणि प्रत्येक फेऱ्याचा जोर एक तृतीयांशाहून अधिक उतरतो. व्हेलोसिओ जे सांगत होते, ते याहून निराळे नव्हते. इतके मोठे चक्र बसवताना साखळी लांब करावी लागते, आणि साखळी सरकवणारा भाग तेवढ्या दातांना पुरेल की नाही, हेही पाहावे लागते. कारागिराला आधी विचारलेले बरे.

पैसे उरलेच, तर रात्रीच्या दिव्याचा विचार करावा. पुढच्या चाकाच्या तुंब्यातच बसवलेला डायनॅमो मिळतो. त्याला थोडे बळ जास्त लागते, पण पहाटे तीन वाजता बॅटरी संपली म्हणून रस्त्याच्या कडेला बसून राहण्याची पाळी येत नाही.

मग निघण्याच्या आदल्या संध्याकाळी बैठकीखालची लहान पिशवी उघडावी. दोन ट्यूब, टायर काढण्याचे चमचे, पंप, ठिगळे, साखळीची एक जोडकडी. १९३० साली तुल्लिओ काम्पान्योलो या इटालियन स्वाराने एक लहानशी दांडी शोधून काढली. ती फिरवली की पान्याशिवाय चाक हातात येते. परंतु डिस्कब्रेकच्या बहुतेक नव्या सायकलींत चाक आरपार आसाने बसवलेले असते, आणि त्यांतील कित्येक आस षट्कोनी चावीवाचून सुटत नाहीत. त्या मापाची चावी पिशवीत आहे की नाही, ते त्याच संध्याकाळी पाहून ठेवावे.