फाउंड्रीतलं बेंटोनाइट नायलॉनमध्ये का चालत नाही?

प्रश्न : आमच्या फाउंड्रीत साच्याची वाळू बांधायला बेंटोनाइट वापरतात. पाच टक्क्यांच्या आसपास हीच माती घातली की नायलॉन दीडपट मजबूत होतं, असं मध्यंतरी वाचनात आलं. आमच्याकडे तर गोणीच्या गोणी पडलेल्या असतात. मग प्लॅस्टिकवाले ती सरळ दाण्यांत मिसळून मोकळे का होत नाहीत?
एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तशी मिसळून पाहिली गेली आहे, आणि नायलॉन उलट कमजोर झालं. जपानमधल्या टोयोटाच्या मध्यवर्ती संशोधन प्रयोगशाळेने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात यावर जे काम केलं, त्यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. साध्या नायलॉन-६ची ताणशक्ती त्यांना ६९ मेगापास्कल मिळाली. पाच टक्के माती नुसती मिसळल्यावर ती ६१वर उतरली. पण मातीचे थर सुटे करून, तेही जरा कमीच, म्हणजे ४.२ टक्के माती घातली तेव्हा आकडा १०७वर गेला. भाराखाली वाकायला लागण्याचं तापमान ६५ अंश सेल्सिअसवरून १४५वर पोचलं. पुढे या मालापासून केलेलं टायमिंग बेल्टचं कव्हर टोयोटाच्या गाडीत बसलं. इंजिनाला खेटून असणाऱ्या भागासाठी हे ऐंशी अंश फार मोलाचे.

बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. त्याचा प्रत्येक कण म्हणजे पत्त्यांचा कॅट समजा. एकेक पापुद्रा जेमतेम एक नॅनोमीटर जाडीचा, पण शेकडो नॅनोमीटर रुंद. एका ग्रॅममधले सगळे पापुद्रे सुटे केले, तर ७०० चौरस मीटरपेक्षा जास्त पृष्ठभाग मोकळा होतो. सगळी ताकद या पृष्ठभागात आहे, कारण नायलॉनच्या साखळ्या तिथेच मातीला धरतात. कॅट बंदच राहिला तर आतले पापुद्रे नायलॉनला दिसतही नाहीत. उरतो तो प्लॅस्टिकमध्ये रुतलेला खडा, आणि तडा जायला सुरुवात नेमकी अशा खड्याच्या कडेला होते.

पापुद्र्यांच्या मधे सोडियमचे आयन असतात आणि त्यांना पाण्याची ओढ असते. तुमच्या वाळूला याचाच फायदा मिळतो : पाणी आत शिरतं, माती फुगते, वाळूचे कण बांधले जातात. कॅल्शियमवालं बेंटोनाइट कमी फुगतं, म्हणून ते सोडा ॲशने ॲक्टिव्हेट करतात, हे तुम्हाला सांगायला नको. पण पाण्याची ही ओढ लांबच लांब साखळीच्या प्लॅस्टिकला आत येऊ देत नाही. टोयोटाच्या लोकांनी सोडियम काढून त्या जागी बारा कार्बनचं एक अमिनो आम्ल बसवलं. त्यामुळे पापुद्रे थोडे फाकले. मग नायलॉनचा कच्चा माल असलेलं कॅप्रोलॅक्टम त्या फटींत शिरू दिलं आणि तिथेच त्याची साखळी वाढवली. वाढत्या साखळीनेच पापुद्रे एकमेकांपासून दूर ढकलले. मला या सगळ्या कामातली हीच युक्ती सर्वांत सुंदर वाटते.

कारखान्यात मात्र बहुतेक वेळा आयतं नायलॉन आणि अशी प्रक्रिया केलेली माती ट्विन स्क्रू एक्स्ट्रुडरमध्ये एकत्र वितळवतात, आणि इथून यंत्राची बाजू सुरू होते. वितळलेलं प्लॅस्टिक पापुद्र्यांना ओढतं, वरचे पापुद्रे घसरतात, आत साखळी शिरते, मग पुढचे सुटतात. त्यासाठी घर्षण लागतं, पण वेळही लागतो. स्क्रू नुसता जोरात फिरवून भागत नाही. मोठा जोर ढेकळं फोडतो, शेवटचे पापुद्रे मात्र सावकाशच सोलले जातात. दाट वितळणारं, म्हणजे लांब साखळीचं नायलॉन पातळ नायलॉनपेक्षा हे काम चांगलं करतं, कारण त्याची ओढ जास्त.

मग माल बॅरलमध्ये हवा तेवढा वेळ का ठेवू नये? नायलॉन-६ वितळतं सुमारे २२० अंशांना, आणि मातीवर सोडियमच्या जागी बसवलेली नेहमीची अमोनियम संयुगं २०० अंशांच्या आसपासच विघटित होऊ लागतात. ती जळाली की पापुद्रे पुन्हा मिटतात आणि माल पिवळा पडतो. पॉलिप्रॉपिलीन याहून कमी तापमानाला चालतं, पण त्याला मातीशी काहीच देणंघेणं नसतं. त्यात मॅलेइक ॲनहायड्राइड जोडलेलं थोडं पॉलिप्रॉपिलीन दुवा म्हणून घालावं लागतं.

एक्स्ट्रुडरमधून दाणे उत्तम निघाले तरी मोल्डिंगमध्ये पुन्हा फरक पडतो. साच्यात माल धावतो तेव्हा पापुद्रे प्रवाहाच्या दिशेने आडवे होतात, विशेषतः भिंतीलगत. त्यामुळे वस्तू एका दिशेने जास्त ताठ होते. वायू अडवायच्या फिल्मला हे आडवं होणं हवंच असतं, कारण वायूला प्रत्येक पापुद्र्याला वळसा घालून जावं लागतं.

फिलर, म्हणजे प्लॅस्टिकमध्ये घालायचा पदार्थ, बदलला की गणितही उलटतं. स्थिर वीज वाहून नेणाऱ्या ट्रेसाठी कार्बन नॅनोट्यूब घालतात. तिथे नळ्यांनी एकमेकींना स्पर्श करून आरपार जाळं विणायचं असतं. मिसळताना अति जोर दिला तर नळ्या तुटतात. मोल्डिंगमध्ये माल झपाट्याने भरला तर त्या एका दिशेने ओढल्या जातात आणि जाळं विस्कटतं. एकाच बॅचचे दाणे, तरी एका मशीनवरचा ट्रे चाचणीत पास आणि दुसऱ्यावरचा नापास, असं घडू शकतं. वितळीचं तापमान वाढवून आणि भरण्याचा वेग कमी करून अनेकदा तो दोष सुटतो.

नॅनो मातीने सगळंच सुधारतं, असंही समजू नका. ताठरपणा वाढतो तशी लवचीकता घटते, आणि तुटण्याआधी ताणलं जाण्याची क्षमता बरीच कमी होते. क्लिपसारख्या वाकवून बसवायच्या भागाला हे परवडत नाही.

तुमच्या गोणीतल्या मातीबद्दल सांगायचं, तर तिच्यात क्वार्ट्झची बारीक वाळूही असते. आधी ती धुऊन काढावी लागेल, मग सोडियम बदलावं लागेल, मग एक्स्ट्रुडर. कुणी तयार नॅनो दाणे विकायला आलं, तर मातीचे टक्के विचारून थांबू नका. मातीवर कोणती प्रक्रिया केली, बॅरलचं तापमान किती होतं, माल आत किती वेळ राहिला, हेही विचारा. पापुद्रे खरोखर सुटे झाले का, ते क्ष-किरण तपासणीत दोन पापुद्र्यांमधल्या अंतरावरून दिसतं. त्याच्या जोडीला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचा फोटो मागा, कारण नुसत्या क्ष-किरणांच्या आलेखावर फसगत होऊ शकते.