आड भरला, दोर कुठे आहे?

आडाला पाणी भरपूर आहे. काठावर माणसे तहानलेली उभी आहेत. असे का बरे? दोर तुटका आहे आणि पोहरा गळका आहे.

देशाची कमाई म्हणजे आडातले पाणी समजा. कायदा, कचेरी, ग्रामसभा आणि हिशेबाची वही म्हणजे दोर आणि पोहरा. हे धड असतील, तरच गरिबाच्या घागरीत पाणी पडते.

आधी एक साधा हिशेब करू. एका वाडीत दहा घरे आहेत. नऊ घरांची रोजची कमाई प्रत्येकी २०० रुपये. दहाव्या घराची ८,२०० रुपये. सगळी मिळून १०,००० झाली. म्हणजे घरामागे सरासरी १,००० रुपये. पुढे दहाव्या घराची कमाई वाढून १८,२०० झाली. बाकीची नऊ घरे होती तिथेच राहिली. आता सरासरी २,००० झाली! कागदावर वाडी दुप्पट श्रीमंत झाली. पण नऊ घरांच्या चुलीवर काल जे होते, तेच आज आहे. गरिबी हटली नाही. उलट विषमता वाढली. विषमता म्हणजे वरच्या आणि खालच्या माणसातले अंतर.

मग कमाई वाढूच नये का? छे! आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? कमाई वाढलीच पाहिजे. पण तेवढ्याने भागत नाही.

आपल्या महाराष्ट्राचेच पाहा. १९७२ साली मोठा दुष्काळ पडला. पिके करपली. लाखो बायामाणसे दुष्काळी कामावर खडी फोडत होती. मुंबईत मात्र गिरण्या चालू होत्या, पगार होत होते. राज्यात पैसा होता, पण शेतमजुराच्या हाती नव्हता.

त्याआधी, १९६५ साली, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात वि. स. पागे यांच्या विचारातून एक प्रयोग झाला होता. गरजूला गावाजवळ काम द्यायचे, असा तो प्रयोग. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली. तिच्यासाठी १९७५ साली शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. १९७७ साली कायदा झाला. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम द्यायचे, नाही तर भत्ता द्यायचा. शहरातली कमाई खेड्यातल्या बाईच्या पदरात पडायला वाट झाली. ती भीक नव्हती, घामाचा हक्काचा पैसा होता.

पण कायदा झाला म्हणजे काम झाले, असे नाही. खरी गोष्ट आहे मस्टरात. मस्टर म्हणजे मजुरांचा हजेरीपट. त्यात नाव, दिवस आणि मजुरी लिहितात. कामावर न आलेल्याचे नाव घुसडले, सहा दिवसांचे चारच मांडले, की पैसा मधल्यामध्ये जिरतो. आणि ज्याला वाचता येत नाही, तो खाली अंगठा उठवून मोकळा होतो!

राजस्थानात मजुरांनी हे ओळखले. मजदूर किसान शक्ती संघटन या त्यांच्या संघटनेने १९९४ च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातल्या कोटकिराणा गावी जनसुनावणी भरवली. सरकारी कामांचे कागद गावासमोर मोठ्याने वाचले. खोट्या नोंदी लोकांनीच दाखवून दिल्या. ‘आमचा पैसा, आमचा हिशेब’ ही मागणी देशभर पसरली. २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. त्याच वर्षी देशासाठी रोजगार हमीचाही कायदा झाला. गावाने कामाचा हिशेब तपासावा, हे त्यात लिहिले गेले. त्याला सामाजिक अंकेक्षण म्हणतात.

तेव्हा मंडळी, वाचायला शिकलात, ते केवळ पाटी वाचण्यासाठी नव्हे. सही करण्याआधी मस्टर वाचा. दिवस मोजा. मिळालेली मजुरी ताडून पाहा. चूक दिसली, तर ग्रामसभेत बोला. एकट्याला भीती वाटते, म्हणून चारचौघांनी मिळून जा. दोर वळायला अनेक धागे लागतात.

विचार करा आणि सांगा :
१. सरासरी वाढली, तरी नऊ घरे गरीब का राहिली?
२. व्यवसाय कर कोणावर बसला? त्यातून कोणाला काम मिळाले?
३. तुमच्या गावातल्या कामाचा हिशेब कोणाकडे असतो? तो तुम्ही पाहिला आहे का?