वनभोजनासाठी घडीच्या हलक्या खुर्च्या : निवड आणि पारख

आमचा व्यापारी समाज मूळचा गादी-तक्क्याचा. पेढीवर मांडी घालून बसावे, पुढ्यात चोपडी घ्यावी, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ. वनभोजनास निघतानाही सतरंजी आणि जेवणाचे डबे एवढ्यावर भागत असे. आता परिस्थिती पालटली आहे. दुकानात खुर्ची आली, घरात जेवणाचे टेबल आले आणि जमिनीवर बसण्याची सवय हळूहळू सुटली. याचा परिणाम सहलीच्या दिवशी दिसून येतो. आंबोलीस किंवा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर मंडळी पोहोचली की मुले व तरुण सतरंजीवर बसतात. गुडघ्यांनी हैराण झालेल्या आजी मात्र मोटारीतच दार उघडे ठेवून बसून राहतात आणि त्यांचे ताट तेथेच जाते. पुढल्या वर्षी "तुम्ही जा, मी घरीच बरी" असे उत्तर मिळते, आणि ते कोणास फारसे खटकतही नाही.

घडीच्या खुर्चीचा विचार आम्ही येथे करीत आहोत तो या दृष्टीने. बाजारात ही वस्तू पाहताना बहुतेक जण ती उचलून पाहतात, आणि जी हलकी ती उत्तम असे ठरवितात. परंतु खुर्ची वाहून नेणारा एक असतो व तिच्यावर बसणारा पुष्कळदा दुसराच असतो. वाहणाऱ्यास वजन कळते. बसणाऱ्यास उंची, हात आणि पाठ कळते. म्हणून पहिला प्रश्न कोण बसणार हा, दुसरा कोठे बसणार हा, तिसरा किती अंतर चालत न्यावयाची हा. आणि वजनाचा काटा त्यानंतर.

थोडी पूर्वपीठिका

घडीचे सामान ही आजकालची कल्पना नव्हे. इजिप्तमधील राजा तुतनखामेन याची कबर १९२२ साली उघडली गेली, तेव्हा तीत तीन भागांत दुमडणारा प्रवासी पलंग सापडला. तो सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीचा आहे. अर्वाचीन काळात इंग्लंडमध्ये जोसेफ फेनबी याने लाकडी दांडे व कापडी झोळी यांच्या घडीच्या खुर्चीचे पेटंट १८७७ मध्ये घेतले.

आमच्या दृष्टीने याहून महत्त्वाची खुर्ची भारताशी संबंधित आहे. गंगेच्या कालव्यावरील रुरकी हे गाव लष्करी अभियंत्यांचे ठाणे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आलेली एक छावणीची खुर्ची या गावाच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे चार पाय व आडवे दांडे वेगवेगळे असतात. दांड्यांची टोके निमुळती असून ती पायांतील भोकांत नुसती बसवावयाची. त्यांस सरस नाही की खिळा नाही. बसणाऱ्याच्या भाराने कापड ताणले जाते आणि त्या ताणानेच सांधे घट्ट होतात. सांधे किंचित खेळते असल्यामुळे उंचसखल जमिनीवरही चारही पाय टेकतात. डेन्मार्कचे रचनाकार कारे क्लिंट यांनी १९३३ मध्ये याच धर्तीवर आपली सुप्रसिद्ध सफारी खुर्ची तयार केली.

या खुर्चीपासून घेण्याजोगा धडा असा की, बळकटी ही केवळ जाडजूड साहित्यात नसते. भार कोठून कोठे उतरतो हे ओळखून मांडणी केली, तर थोड्या साहित्यातही ती साधते. आजच्या अर्ध्या किलोच्या खुर्च्यांमागेही हेच तत्त्व आहे. फक्त लाकडाच्या जागी ॲल्युमिनिअमच्या नळ्या आल्या आहेत.

बाजारातील चार जाती

पहिली जात छत्रीप्रमाणे मिटणारी. हिला बहुधा लोखंडी नळ्या, कापडी बैठक व हात असतात आणि ती लांब पिशवीत बसते. वजन साधारण अडीच ते साडेचार किलो. बैठक जमिनीपासून सुमारे ४० ते ४५ सेंटिमीटर. दुसरी जात चित्रपट-दिग्दर्शकांच्या खुर्चीची. ही सपाट मिटते, हिचे हात कडक असतात, बैठक ताठ असते. वजन तीन ते पाच किलो. तिसरी जात जोडनळ्यांची. नळ्यांच्या पोकळीतून रबरी दोरी ओवलेली असते. सांगाडा जोडून त्यावर झोळी चढवावयाची. वजन अर्धा ते सव्वा किलो आणि पुडके हातभर लांबीचेही नसते. मात्र बैठक पुष्कळदा २८ ते ३५ सेंटिमीटर एवढीच उंच असते आणि हात नसतात. चौथी जात तीन पायांच्या तिवईची. ही फार हलकी असते, पण तिला पाठ नसते.

तिसऱ्या जातीस आज मोठी मागणी आहे. पाठीवर सामान घेऊन डोंगर चढणाऱ्या तरुणांस ती योग्यच आहे. पण मोटारीतून उतरून पन्नास पावले चालावयाचे असेल, तर तिच्या हलकेपणासाठी जास्त दाम मोजण्यात काय हशील, हे ज्याचे त्याने पाहावे.

उंची आणि हात

गुडघ्याच्या मागील खळगीपासून तळपायापर्यंतचे अंतर मोजावे. बैठकीची उंची साधारण तेवढी असावी. बैठक जितकी खाली, तितका उठताना गुडघ्यांवर व मांड्यांवर ताण अधिक पडतो. तरुणास हे जाणवत नाही. वृद्ध माणूस मात्र उठताना पुढे झुकतो, आधारासाठी हात टाकतो, आणि तेवढ्यात खुर्ची सरकली तर पडतो. उतारवयात अशा पडण्याने खुब्याचे हाड मोडते आणि पुढे कित्येक महिने अंथरूण धरावे लागते. म्हणून ही बाब केवळ सोयीची नव्हे.

मोजताना एक काळजी घ्यावी. झोळीची बैठक माणूस बसल्यावर खाली जाते. सबब रिकाम्या खुर्चीचे माप खरे नव्हे. कोणी बसले असता जमिनीपासून बैठकीच्या सर्वांत खालच्या भागाचे अंतर पाहावे. बैठकीचा मागचा भाग फार खोल गेला, तर उठताना चढण चढल्यासारखे होते. पुढचा दांडा मांड्यांखाली रुतत असेल, तर अर्ध्या तासात पायांस मुंग्या येतात.

हातांचे दोन प्रकार आहेत. कापडी हात कोपर टेकावयास बरे, परंतु उठताना त्यावर भार दिला की ते खाली जातात. लाकडी किंवा धातूच्या कडक हातांवर तळवे टेकून उठता येते. वडीलधाऱ्यांसाठी कडक हातांचीच खुर्ची घ्यावी, आणि ती अगदी हलकी असू नये. एका हातावर भार पडला की फार हलकी खुर्ची कलते. तीन-चार किलोची जागची सहसा हलत नाही. बसणाऱ्यास लाभणारे हे स्थैर्य आणि वाहणाऱ्यास होणारा भार ही एकाच वजनाची दोन अंगे होत.

सांगाडा

ॲल्युमिनिअमची घनता २.७ आणि पोलादाची सुमारे ७.८५, म्हणजे ॲल्युमिनिअम जवळजवळ एक-तृतीयांश वजनाचे. बॉक्साइट खनिजापासून ॲल्युमिना तयार करणारा कारखाना बेळगावातच असल्याने या धातूची ओळख आमच्या भागास नवी नाही. परंतु त्याची ताठरताही पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांशच आहे. ही उणीव नळीचा व्यास वाढवून भरून काढतात, कारण व्यास थोडा वाढला तरी ताठरता पुष्कळ वाढते. तेव्हा ॲल्युमिनिअमची खुर्ची पोलादी खुर्चीइतक्याच बारीक नळीची दिसली, तर सावध व्हावे.

खुर्ची मोडते ती बहुधा नळीच्या मध्यावर नव्हे, तर सांध्यापाशी. रिव्हेटसाठी पाडलेले भोक, वाकवलेली जागा, प्लॅस्टिकचा जोड ही स्थळे मुद्दाम तपासावीत. खुर्चीवर किती किलो भार चालेल हे लिहिलेले असते, पण धपकन बसताना पडणारा भार माणसाच्या वजनाहून बराच अधिक असतो. ८० किलोच्या माणसाने ८० किलोचीच खुर्ची घेणे शहाणपणाचे नाही. १२० किलोची घ्यावी. युरोपात बाहेर वापरावयाच्या आसनांस ५८१ क्रमांकाचे मानक आहे, आणि त्यात छावणीचा, घरगुती व व्यावसायिक असे वापराचे तीन वर्ग केलेले आहेत. समाजाच्या कार्यासाठी वरचेवर वापरावयाच्या खुर्च्या छावणीच्या वर्गातील घेऊ नयेत.

कापड

कापडाची पारख आमच्या सभासदांस शिकवावयास नको. तरी दोन शब्द लिहितो. लेबलावर ६०० डेनिअर असे असते. ९,००० मीटर सुताचे ग्रॅममध्ये वजन म्हणजे डेनिअर. यावरून सूत किती जाड ते कळते, वीण किती दाट ते कळत नाही. म्हणून आकडा वाचल्यावर कापड उजेडासमोर धरावे. नायलॉन चिवट खरे, पण ओले झाले की सैल पडते आणि उन्हाने लवकर कमजोर होते. आमच्या हवेत पॉलिएस्टर बरे. सुती कॅनव्हास बसावयास सुखद असतो, परंतु ओलसर घडी करून ठेवला की बुरशी धरतो. जाळीदार बैठकीत वारा खेळतो व पाणी साचत नाही. चामड्याच्या पट्ट्या ज्या घरांत वर्ज्य आहेत, त्यांनी जाड निवारीच्या पट्ट्या मागाव्यात. त्याही भार चांगला पेलतात.

शिवण उलट बाजूने पाहावी. जेथे कापड नळीवर चढते, तेथे दुहेरी थर व आडवे-उभे टाके हवेत. शेकोटीच्या वा चुलीच्या ठिणगीने कृत्रिम धाग्याचे कापड वितळून भोक पडते, हेही ध्यानात असावे.

जमीन

एक छोटा हिशेब मांडू. माणूस व खुर्ची मिळून ८० किलो धरा. पायांची टोके २ सेंटिमीटर व्यासाची असली, तर चार पायांचे क्षेत्रफळ सुमारे १२.५ चौरस सेंटिमीटर होते आणि दर चौरस सेंटिमीटरवर ६.४ किलो भार येतो. वेंगुर्ल्याची वाळू किंवा पावसाळ्यातील आंबोलीची माती एवढा भार सोसत नाही; एक पाय रुततो आणि खुर्ची कलंडते. टोकांखाली ८ सेंटिमीटर व्यासाच्या चकत्या घातल्या, तर क्षेत्रफळ सोळापट होऊन भार ०.४ किलोवर येतो. अशा चकत्या विकत मिळतात; सुताराकडून फळीच्या तुकड्यांच्याही करून घेता येतात.

गोकाकच्या धबधब्याजवळील खडकासारख्या उंचसखल जागी उलट अडचण येते. चार पायांची खुर्ची तेथे डगमगते. तीन पायांची तिवई डगमगत नाही, कारण तीन टोके कोणत्याही पृष्ठावर टेकतात. मात्र ती चटकन उलटते, म्हणून वृद्धांस व मुलांस देऊ नये. कड्याच्या वा पाण्याच्या काठाशी कोणतीच खुर्ची मांडू नये.

दुकानात करावयाची परीक्षा

१. खुर्ची स्वतः उघडून मिटवावी. हत्यार लागता कामा नये.
२. बसून डावी-उजवीकडे झुकावे. करकर आवाज किंवा पायांची फाकण दिसली तर परत करावी.
३. ज्यांच्यासाठी घ्यावयाची त्यांना सोबत न्यावे आणि कोणाच्या आधाराविना दोनदा बसावयास व उठावयास सांगावे. ही परीक्षा सर्वांत महत्त्वाची.
४. मिटताना मुलांची बोटे सापडतील अशा फटी आहेत काय ते पाहावे.
५. झोळी, रबरी दोरी व टोपणे सुटी मिळतात काय ते विचारावे. कापड गावच्या शिंप्याकडून बदलून घेता येते. फुटलेला प्लॅस्टिकचा जोड मात्र कोणी सांधून देत नाही.

निगा

समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्याने धुवावी. ॲल्युमिनिअमच्या नळीत लोखंडी रिव्हेट असले, तर खारट ओलाव्याने त्या जागी झीज फार लवकर होते. सावलीत पूर्ण वाळवूनच पिशवीत घालावी. घडी घालण्यापूर्वी उलटी करून हलकेच झटकावी, म्हणजे मुंगी-किडा चिरडला जात नाही आणि विंचवासारखा जीव घरातही येत नाही. मोटारीच्या तापलेल्या डिकीत महिनोन्‌महिने ठेवल्यास कापडाचा आतील लेप चिकट होऊन सुटू लागतो.

किती व कोणत्या?

सहा माणसांच्या कुटुंबाने एकाच जातीच्या सहा खुर्च्या घेऊ नयेत. वडीलधाऱ्यांसाठी कडक हातांच्या उंच खुर्च्या दोन, मध्यमवयीनांसाठी छत्रीप्रमाणे मिटणाऱ्या दोन, आणि तरुणांसाठी हवी तर एखादी जोडनळ्यांची, नाहीतर सतरंजी. अशा रीतीने खर्चही आटोक्यात राहतो. संघाच्या सहलींसाठी कडक हातांच्या दहा-बारा खुर्च्या संघानेच घेऊन ठेवाव्यात व सभासदांस लागतील तेव्हा द्याव्यात, अशी आमची सूचना आहे.

उंच खुर्चीचे दोन-तीन किलो जास्तीचे वजन नातवंडांनी खांद्यावर घ्यावे. पन्नास पावलांचे ते ओझे आहे. तेवढ्याने आजीचे पान मोटारीत न मांडता सर्वांच्या पंगतीत मांडता येईल.