थंड गाडी दाखवा

ग्वाल्हेरच्या फूलबागेत मोती मशीद, गुरुद्वारा आणि गोपाळ मंदिर अगदी शेजारी शेजारी आहेत, पण जानेवारीच्या पहाटे असं धुकं पडतं की एकापाशी उभं राहून दुसरं दिसत नाही. अशा गारठ्यात दर सोमवारी आईला अचलेश्वराच्या दर्शनाला न्यायचं असतं. मागच्या हिवाळ्यात नेमकं तेव्हाच आमच्या जुन्या पेट्रोल गाडीचं बिनसलं. तिसऱ्या-चौथ्यांदा सेल मारल्यावर इंजिन पकडायचं, मग दोनेक मिनिटं मिसिंग मारत, आचके देत, आता बंद पडतंय की मग बंद पडतंय असं चालायचं. शिंदे की छावणी येईपर्यंत मात्र मॅडम गुपचूप सरळ व्हायच्या.

ऑफिसचं एक काम उरकून अकराच्या सुमारास मी गाडी गॅरेजात न्यायचो. तिथे ती एका सेलमध्ये सुरू व्हायची. मग अंदाजपंचे कारभार. आधी नवीन बॅटरी, साडेपाच हजार. आठवड्याने प्लग. पुढे थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टरची सफाई. चौदा हजार गेले आणि सोमवारची सकाळ होती तशीच. शेजारचे काका म्हणाले, ‘‘अरे, मेळा लागलाय, रोड टॅक्समध्ये सूट आहे, नवीच घेऊन टाक.’’ १९०५मध्ये माधवराव शिंद्यांनी सुरू केलेल्या मेळ्यात निम्मं ग्वाल्हेर गाड्या घेतं हे खरं, पण सेल नीट लागत नाही म्हणून कुणी गाडी बदलतं का?

आता कळतं, बॅटरीच्या पैशांचा गाढवपणा तर सर्वस्वी माझाच. कान देऊन ऐकलं असतं तरी पुरे होतं. बॅटरी मेली असेल तर स्टार्टर रडत, जडपणे फिरतो, किंवा नुसतीच टकटक होते. माझा स्टार्टर तर खणखणीत फिरत होता. स्टार्टर जोरात फिरतोय आणि इंजिन पकडत नाही, म्हणजे गडबड पेट्रोल, ठिणगी नाहीतर हवेची. पेट्रोलची शंका असेल तर एक बिनखर्चाची परीक्षा आहे. किल्ली ‘ऑन’ करून थांबायचं, मागच्या सीटखालून पंपाची गुणगुण दोन-तीन सेकंदांत थांबते. किल्ली बंद, पुन्हा ऑन, पुन्हा गुणगुण, आणि मगच सेल. एवढ्याने गाडी चटकन सुरू झाली, तर रात्रभरात लाइनमधला दाब उतरतोय असं समजावं. माझ्याकडे तसं झालं नाही.

धुराकडेही बघावं, पण घाबरू नये. थंडीत पांढरी वाफ निघणारच. कूलंट मात्र दर आठवड्याला कमी होत असेल आणि सायलेन्सरला गोडसर वास येत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा आणि गाडी पळवू नये. काळा धूर आणि पेट्रोलचा वास म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेटही उघडलं नाही. म्हणाले, ‘‘गरम गाडी लाके क्या दिखा रहे हो? ठंडी दिखाओ.’’ रात्रभर गाडी त्यांच्याकडे ठेवा, नाहीतर सकाळी ते घरी येतील. घरी या म्हटलं.

साडेसहाला आले. काचेवर दव होतं. आईने चहा दिला, तो त्यांनी बॉनेटवर ठेवला. स्टीअरिंगखाली स्कॅनर लावला, किल्ली नुसती ऑन केली, सेल मारू दिला नाही. पडद्यावर दोन आकडे होते. आत येणाऱ्या हवेचं तापमान ८, कूलंटचं ५८. त्यांनी माझा हात धरून इंजिनवर टेकवला. लोखंड बर्फासारखं. ‘‘ये अट्ठावन है?’’

रात्रभर उभ्या गाडीत हे दोन आकडे जवळपास सारखेच हवेत. कूलंटचा सेन्सर बिघडला होता आणि इंजिन तापलंय असं गाडीच्या कॉम्प्युटरला सांगत होता. थंड इंजिनाला सुरुवातीला पेट्रोल जास्त लागतं, जुन्या गाडीत आपण चोक ओढायचो तो त्यासाठीच. कॉम्प्युटर ५८ अंशांच्या हिशेबाने पेट्रोल देत होता, म्हणजे इंजिनाला उपाशी ठेवत होता. इंजिन खरोखर तापलं की खोटा आकडा खऱ्याच्या जवळ यायचा आणि तक्रार मिटायची. चेक इंजिनचा दिवाही लागला नाही, कारण ५८ हा आकडा अशक्य नाही. तार तुटल्यावर येतो तसा भलताच आकडा आला असता, तर लागला असता.

सेन्सर साडेचारशे रुपयांचा. इंजिन गार असतानाच बदलला, सांडलेलं कूलंट भरलं, हवा काढली. (रेडिएटरचं झाकण तापलेल्या गाडीत कधीही उघडू नका, चेहरा भाजतो.) बॅटरीची तार काढायच्या आधी बिघाडाचे कोड वाचून घ्या हेही त्यांनीच सांगितलं, कारण तार काढली की कॉम्प्युटरची आठवण पुसली जाते. माझ्या गाडीची पुसली होतीच, नवी बॅटरी लावताना.

पुढच्या सोमवारी किल्ली फिरवली आणि डॅशबोर्डवर निळा दिवा लागला. इंजिन गार असेपर्यंत राहतो तो, थर्मामीटरच्या चित्राचा. आई म्हणाली, ‘‘बघ, आला. दिवाळीनंतर मी तुला विचारलं नव्हतं का, तो निळा दिवा हल्ली का लागत नाही रे?’’

विचारलं होतं. ‘‘आई, तू मंदिराचं बघ,’’ असं मीच म्हटलं होतं.